शेंगदाण्यातली दोन अक्षरं: तेलबियांचं मॉलेक्युलर ब्रीडिंग म्हणजे काय आणि ते कसं शिकतात?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, राहते दादरला. शेतीशी माझा संबंध साबुदाणा खिचडीतल्या दाण्याच्या कुटापुरता. पण गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी अशी एक चूक केली, की एका संशोधन केंद्रावरचा अख्खा हंगाम वाया गेला असता. ती चूक समजून घेताना हा विषय मला कळला. म्हणून हा लेख.

झालं असं. माझी मामेबहीण एका कृषी संशोधन केंद्रावर भुईमुगावर काम करते. हैदराबादचं दहा दिवसांचं ट्रेनिंग संपवून ती दोन दिवस आमच्याकडे आली होती. संध्याकाळी खाऱ्या शेंगदाण्याचा पुडा घेऊन आम्ही कट्ट्यावर बसलो आणि तेवढ्यात तिच्या फोनवर लॅबची फाईल आली. ८४ झाडं, प्रत्येकाचा डीएनए तपासलेला. सोमवारी संध्याकाळी त्यातल्या निवडक झाडांवर संकर सुरू करायचा होता. ती म्हणाली, "तू कोडवाली ना, मला यातली कामाची झाडं गाळून दे पटकन." मी लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत स्क्रिप्ट लिहून दिली.

उत्तर आलं शून्य. म्हणजे ८४ मध्ये कामाचं झाड एकही नाही.

पुढे काय झालं ते सांगतेच. त्याआधी फाईलमध्ये नेमकं काय होतं ते पाहूया.

आधी प्रश्न: याची गरज काय?

आपल्या घरात रोज जे खाद्यतेल वापरतो, त्याची देशाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते. २०२२-२३ साली हा वाटा ५७ टक्के होता. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. म्हणून तिकडे युद्ध पेटलं की इकडे वाण्याकडे पिशवीचा भाव वाढतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल-तेलबियांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. तरतूद १०,१०३ कोटी रुपये. उद्दिष्ट असं की तेलबियांचं उत्पादन ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर न्यायचं. शेतजमीन तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग एक मोठा मार्ग उरतो: त्याच जमिनीत जास्त आणि चांगलं पिकवणारं बियाणं.

महाराष्ट्राला हे जवळचं आहे. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन, सोलापूरकडे करडई, विदर्भात जवस, खानदेशात भुईमूग, शिवाय तीळ आणि सूर्यफूल. यातलं बरंचसं पीक कोरडवाहू आहे. पाऊस लांबला किंवा रोग आला की शेतकऱ्याच्या हाती फार थोडं राहतं.

ब्रीडिंग म्हणजे काय, आणि 'मॉलेक्युलर' कुठून आलं?

ब्रीडिंग म्हणजे पीक पैदास. दोन वाणांचा संकर करायचा, पुढच्या पिढ्यांतून हवी ती झाडं निवडायची आणि सगळे चांगले गुण एका वाणात आणायचे. माणूस हे हजारो वर्षं करत आलाय. अडचण वेळेची. झाड तांबेऱ्याला टिकेल का, हे कळायला तांबेरा यावा लागतो. तेल कसं निघेल, हे कळायला शेंग भरावी लागते. एवढं करून एक वाण उभं राहायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

मॉलेक्युलर ब्रीडिंगमध्ये निवड झाडाच्या डीएनएवरून होते. रोप पंधरा-वीस दिवसांचं असताना पानाचा छोटासा तुकडा घेतात, त्यातला डीएनए काढतात आणि हवा तो गुण ज्या जागी लिहिलेला असतो तेवढीच जागा वाचतात. शेंग लागायची वाट पाहावी लागत नाही. ज्या खुणेवरून हे ओळखतात तिला मार्कर म्हणतात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मार्कर झाडात काहीही घालत नाही. तो फक्त ओळखतो. संकर नेहमीसारखाच होतो, हाताने, फुलातून फुलात.

दोन अक्षरांची गोष्ट

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर: ए, टी, जी, सी. भुईमुगाच्या जीनोममध्ये अशी अडीचशे कोटींहून जास्त अक्षरं आहेत. त्यातली फक्त दोन बदलली तर तेल बदलतं.

शेंगदाण्याच्या तेलात दोन मुख्य फॅटी ॲसिड असतात, ओलेइक आणि लिनोलेइक. एक एन्झाइम ओलेइकचं रूपांतर लिनोलेइकमध्ये करतं. हवेशी संयोग होऊन लिनोलेइक लवकर खराब होतं, म्हणून डब्यात राहिलेले शेंगदाणे काही महिन्यांत खवट लागतात. हे एन्झाइम बंद पडलं तर ओलेइक तसंच राहतं आणि दाणे, चिक्की, तेल जास्त दिवस टिकतं.

हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाचं नाव फॅड-२. भुईमुगात त्याच्या दोन प्रती आहेत, कारण आजचा भुईमूग दोन जंगली प्रजातींच्या संकरातून तयार झालाय आणि दोघींचे जीनोम त्याने जसेच्या तसे ठेवलेत. कोडच्या भाषेत, दोन रेपो एकत्र केले पण जुळे फंक्शन कुणी काढलंच नाही. एक बिघडलं तरी दुसरं काम करत राहतं. म्हणून दोन्ही प्रती बंद पडाव्या लागतात.

- पहिली प्रत: ४४८ व्या अक्षराच्या जागी 'जी'चा 'ए' झाला. मराठीत समजायचं तर 'बदक'चं 'बदल' झालं. अक्षर एकच बदललं, शब्द निरुपयोगी झाला.
- दुसरी प्रत: ४४१ आणि ४४२ या अक्षरांच्या मध्ये एक जादा 'ए' घुसला. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. 'कमळ बदक सरळ गवत' यात 'ब'नंतर एक 'र' घाला आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा: 'कमळ बरद कसर ळगव त'. त्या जागेपासून पुढचं सगळं बिघडलं.

हा बदल प्रयोगशाळेत कुणी घडवलेला नाही. अमेरिकेत फ्लोरिडात सुमारे ८० टक्के ओलेइक असलेली भुईमुगाची एक ओळ सापडली आणि १९८७ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तिथून सनओलेइक ९५आर हे वाण आलं. तेच दाता म्हणून वापरून हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने आणि जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेने गिरनार-४ आणि गिरनार-५ ही भारतातली पहिली हाय-ओलेइक वाणं तयार केली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती देशाला अर्पण झाली. साध्या भुईमुगात ओलेइक साधारण ४०-५० टक्के असतं, यांच्यात ते ८० टक्क्यांच्या आसपास जातं. निवड करताना याच दोन अक्षरांचे मार्कर वापरले होते.

आपल्या घरचं उदाहरण: ट्रॉम्बे, अकोला, जळगाव

दादरहून तासाभराच्या अंतरावर ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. नाव ऐकून अणुभट्टी आठवते, पण तिथे भुईमुगावरही कित्येक दशकं काम चाललंय. बियाण्यावर किरणांचा मारा करायचा, त्यातून होणाऱ्या बदलांमधून चांगले निवडायचे आणि त्यांचे आपसांत संकर करायचे, ही त्यांची पद्धत. टीजी-१ हे वाण १९७३ मध्ये आलं. १९९१ मध्ये आलं टॅग-२४, म्हणजे 'ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट'. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर केलेलं, बुटकं आणि चांगलं उत्पन्न देणारं. देशभर गाजलं.

दुसरं नाव जेएल-२४, म्हणजेच फुले प्रगती. 'जेएल' म्हणजे जळगाव. तिथल्या तेलबिया संशोधन केंद्राचं हे वाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि लवकर तयार होतं म्हणून देशभर पसरलं.

दोन्ही वाणं चांगली, पण दोघांचं दुखणं एकच: तांबेरा आणि टिक्का. पानांवर तांबूस पुटकुळ्या किंवा काळे ठिपके येतात, पानं गळतात आणि शेंग पोसत नाही.

धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या जीपीबीडी-४ या वाणात तांबेऱ्याला चांगली प्रतिकारशक्ती होती. ती आली होती दक्षिण अमेरिकेतल्या एका जंगली भुईमुगाकडून. संशोधकांनी जीनोममध्ये ती जागा शोधली. तांबेऱ्याच्या बाबतीत झाडाझाडांत दिसणाऱ्या फरकापैकी ८० टक्क्यांहून जास्त फरक त्या एकाच भागामुळे होता. मग डॉ. राजीव वार्ष्णेय आणि त्यांच्या इक्रिसॅटमधल्या सहकाऱ्यांनी चार मार्करच्या मदतीने तेवढा भाग तीन वाणांमध्ये आणला: आयसीजीव्ही ९१११४, आपलं जेएल-२४ आणि आपलं टॅग-२४. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे बोलिव्हियाकडच्या जंगली झाडातली एक जागा धारवाडमार्गे जळगाव आणि ट्रॉम्बेच्या वाणांत आली, आणि बाकीचं वाण जवळजवळ तसंच राहिलं. 'जवळजवळ तसंच' कसं राहतं, ते आता पाहू.

बॅकक्रॉस: एक गुण आणायचा, बाकी वाण जपायचं

या पद्धतीचं नाव मार्कर-साहाय्यित बॅकक्रॉस. पायऱ्या अशा:

१. पहिला संकर. मूळ वाण (समजा जेएल-२४) आणि दाता (हव्या गुणाचं वाण). पिल्लात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा.

२. पुन्हा मूळ वाणाशी संकर. हाच बॅकक्रॉस. पिल्लात मूळ वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो. आणखी एकदा केला की ८७.५, तिसऱ्यांदा ९३.७५.

३. दर पिढीत मार्करने चाळणी. हवी असलेली जागा ज्या रोपात आली तेवढीच पुढे न्यायची. ही फोरग्राउंड निवड. त्यातही बाकी जीनोम मूळ वाणासारखा जास्त कुणाचा आहे ते पाहायचं. ही बॅकग्राउंड निवड.

४. शेवटी स्वपरागीकरण. झाडाला स्वतःचंच बी धरू द्यायचं आणि त्यातून हवी जागा दोन्ही बाजूंनी असलेली झाडं उचलायची.

५. शेतात चाचण्या. अनेक ठिकाणी, अनेक हंगाम. इथे शॉर्टकट नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण भुईमुगाचं फूल बंदच असतं, स्वतःच्याच परागाने फळतं. संकर करायचा तर आदल्या संध्याकाळी चिमट्याने कळी उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. मग फुलाची आरी जमिनीत शिरते आणि शेंग खाली लागते. एका फुलातून एक-दोनच दाणे. पेरणीनंतर पंचवीस-तीस दिवसांत फुलं सुरू होतात आणि संकराला दोन-तीन आठवडेच मिळतात. त्याआधी लॅबचा निकाल हातात आला पाहिजे आणि बरोबर वाचला गेला पाहिजे. चुकीच्या झाडावर संकर केला तर ते कळेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

आता माझी चूक

ताईचं काम हेच होतं: भागात चालणाऱ्या एका वाणात ती दोन अक्षरं आणायची. मूळ वाणात दोन्ही जागी साधं अक्षर होतं. फाईलमधली ८४ झाडं पहिल्या बॅकक्रॉसची होती.

फाईलमध्ये दोन मार्करचे दोन रकाने. झाडाला प्रत्येक जागा दोनदा मिळते, एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून प्रत्येक खान्यात दोन अक्षरं होती. कुठे 'जी:जी', कुठे 'जी:ए'. मला वाटलं, 'जी:जी' म्हणजे पक्का निकाल आणि 'जी:ए' म्हणजे मशीनला नक्की ठरवता आलं नाही. अस्वच्छ डेटा. तो आधी काढून टाकायचा, ही माझी ऑफिसातली सवय. उरलेल्यांत 'ए:ए' शोधलं. शून्य.

ताईने स्क्रीनकडे पाहिलं. कोड वाचता येत नसलेली माझी ताई दोन सेकंदांत म्हणाली, "अगं, शून्य कसं येईल? एकवीसच्या आसपास यायला पाहिजेत."

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"बॅकक्रॉस आहे हा. एक बाजू मूळ वाणाची, म्हणजे तिथे 'जी' ठरलेलाच. 'ए' आला तर दुसऱ्या बाजूनेच येणार. मला 'जी:ए'च हवीत. 'ए:ए' या पिढीत येऊच शकत नाही. एका जागी निम्म्या झाडांत, दोन्ही जागी मिळून पाव. ८४ चा पाव किती?"

एकवीस. मी 'अस्वच्छ' म्हणून फेकलेल्या ओळींमध्येच तिची सगळी झाडं होती.

गाळणी उलटी केली. १९ झाडं आली. तेवढ्यात ताईने आणखी एक गोष्ट पकडली. तीन झाडांचे नंबर गायब होते आणि त्यांच्या जागी तारखा होत्या. '७-३', म्हणजे सातव्या ओळीतलं तिसरं झाड, स्प्रेडशीटने परस्पर '७ मार्च' करून टाकलं होतं. जगभरच्या जनुकशास्त्रज्ञांना हा त्रास इतका झालाय की २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलावी लागली.

मग तिने शेतावरच्या सहकाऱ्याला फोन लावला. फाईलमध्ये ज्या झाडाचा जीनोम मूळ वाणाशी सगळ्यात जास्त जुळत होता, ते प्रत्यक्षात पिवळं पडून मान टाकलेलं निघालं. यादीतून ते गेलं. सोमवारसाठी सहा झाडं ठरली.

मैदानात तेव्हा चार-पाच मॅच एकाच वेळी चालू होत्या. शिवाजी पार्कात खेळलेल्याला माहीत असतं, समोर आलेला चेंडू आपल्या मॅचचा की शेजारच्या, हे क्षणात ओळखावं लागतं. भुईमुगाचं तसंच आहे. दोन जीनोम शेजारी-शेजारी, जवळजवळ सारखे. मार्कर नीट बनवला नसेल तर पहिली प्रत वाचतोय असं वाटतं आणि निकाल दुसरीचा येतो. बाहेरच्याला सगळे चेंडू लालच दिसतात.

मग ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय?

मला आधी वाटायचं, मशीन चालवायला शिकवत असतील. तेही शिकवतात, पण तो भाग छोटा. ताईची वही पाहून मी यादी केली:

- संकराचं हातकाम: कळी ओळखणं, चिमट्याचं काम, लेबल लावणं. मार्करचा एक पहिला उपयोग इथेच होतो: संकर खरा झाला की फूल स्वतःच फळलं, हे तपासायला.
- नमुना घेणं आणि डीएनए काढणं: पानाच्या चकत्या ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये भरतात. एक खाना चुकला की पुढचे सगळे चुकतात. काही ठिकाणी दाण्याच्या अंकुर नसलेल्या टोकाची कपची काढून तपासतात, उरलेला दाणा पेरला तर उगवतो.
- पीसीआर: डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढायची पद्धत. दर फेरीत दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त.
- कॅस्प: एकेक अक्षर ओळखायची चाचणी. दोन रंग चमकतात. एकच रंग दिसला तर दोन्ही बाजू सारख्या, दोन्ही दिसले तर मिश्र. माझं 'जी:ए' म्हणजे हेच मिश्र.
- गुणाची जागा शोधणं: शेकडो झाडांचा डीएनए आणि शेतातली मोजमापं जुळवून कुठला भाग कुठल्या गुणाशी जोडलेला आहे ते काढणं. इथे संख्याशास्त्र लागतं.
- चाचणीची आखणी: कुठलं वाण कुठल्या वाफ्यात, किती वेळा. जमिनीचा पोत, पाण्याचा उतार यांचा फरक वाणाच्या नावावर लागू नये म्हणून.
- डेटाची शिस्त: झाडाचा नंबर एकदा दिला की बदलायचा नाही, त्यात अक्षर ठेवायचं म्हणजे तारीख होणार नाही, मूळ फाईलला हात लावायचा नाही.

आणि या सगळ्याच्या आधी एक सवय: निकाल उघडण्यापूर्वी अपेक्षित आकडा कागदावर लिहायचा. ताईने माझी चूक पकडली ती या सवयीमुळे. मी रोज टेस्ट लिहिते, पण इथे टेस्ट लिहायला काय अपेक्षित आहे हेच मला माहीत नव्हतं.

हे शिकायला कुठे मिळतं?

पाया घालतात ती कृषी विद्यापीठं. महाराष्ट्रात चार आहेत: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन बीएस्सी कृषी किंवा कृषी जैवतंत्रज्ञान, मग वनस्पती पैदास व आनुवंशशास्त्र विषयात एमएस्सी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सोयाबीनवर मोठं काम आहे, तिथली वाणं 'एमएसीएस' नावाने ओळखली जातात.

नोकरीत असलेल्या संशोधकांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दहा दिवसांचे छोटे अभ्यासक्रम आणि २१ दिवसांच्या उन्हाळी-हिवाळी शाळा असतात. हैदराबादच्या राजेंद्रनगरला भारतीय तेलबिया संशोधन संस्था आहे, तिथे करडई, सूर्यफूल, एरंड, तीळ, जवस यांवर काम होतं. जवळच पाटणचेरूला इक्रिसॅट. तिथल्या जनुकशास्त्र केंद्राने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने देशातल्या ब्रीडर्सना मार्कर वापरायचं प्रशिक्षण दिलंय.

पण ताईचं एक वाक्य लक्षात राहिलं. "दहा दिवसांत हात चालायला लागतो. डोळा बसायला चार हंगाम लागतात." ट्रेनिंगहून परतल्यावर केंद्रावर मशीन नसेल, नमुने बाहेर पाठवायला पैसे नसतील किंवा विचारायला कुणी नसेल, तर शिकलेलं वर्षभरात विसरायला होतं. अभियानासाठी हजारो कोटी मंजूर होतात, पण शेवटी फाईल आणि झाड दोन्ही वाचता येणारा माणूस केंद्रावर टिकला तरच त्यातून वाण निघतं.

तुमच्या फोनवर काय करून पाहता येईल?

- फील्ड बुक: कॅन्सस स्टेट विद्यापीठात तयार झालेलं मोफत अँड्रॉइड ॲप. शेतात वही न नेता प्रत्येक झाडाची नोंद घेता येते. गॅलरीतल्या दहा कुंड्यांवर वापरून पाहा, फुलं कधी आली, उंची किती.
- पीनटबेस: भुईमुगाच्या जीनोमची खुली वेबसाइट. फॅड-२ शोधा, अक्षरं प्रत्यक्ष दिसतात.
- फ्लॅपजॅक: मार्करचा डेटा रंगीत पट्ट्यांत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. हे मात्र कॉम्प्युटरवर चालतं.
- स्वयम आणि एनपीटीईएल: आनुवंशशास्त्राचे प्राथमिक कोर्स मोफत पाहता येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे जीएम पीक आहे का?
नाही. जीएममध्ये प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घालतात. मोहरीच्या डीएमएच-११ या संकरित वाणात तसं केलंय आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्करने निवडलेलं गिरनार-४ हे साध्या संकरातून आलेलं वाण आहे.

मग वाण दोन वर्षांत तयार होतं का?
नाही. निवडीतली काही वर्षं वाचतात. शेतातल्या चाचण्या, बियाण्याचं गुणन आणि मान्यता यांना लागायचा तो वेळ लागतोच.

कुठलाही गुण असा आणता येतो का?
एक-दोन जनुकांवर चालणारे गुण सोपे, जसं ओलेइक. उत्पादन किंवा दुष्काळात तग धरणं यामागे पुष्कळ जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा. तिथे सगळ्या जीनोमवरून अंदाज बांधणाऱ्या पद्धती वापरतात. त्याला जीनोमिक सिलेक्शन म्हणतात. मशीन लर्निंग शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, मला यात काम आहे का?
आहे, भरपूर. फक्त माझ्यासारखं करू नका. आधी विचारा, मग गाळा.

शेवटी

सोमवारी रात्री ताईचा फोटो आला. लाल दोरा बांधलेल्या कळ्या, प्रत्येकीला कागदी चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलने नंबर. पेन्सिलने अशासाठी, की शाई पावसात जाते. हेही ट्रेनिंगमध्येच शिकवतात.

मी माझ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली. आता ती फाईल उघडण्याआधी विचारते: पिढी कुठली, आणि अपेक्षित झाडं किती? उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही.